रॅम्पवर बोट ट्रेलरवर चढवताना: खोली, वारा आणि विंच

मिशिगनमध्ये ११,००० हून जास्त तळी आहेत. त्यामुळे इकडे नोव्हाय, ट्रॉय, कँटन भागात राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींत दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी पहिली बोट घेतंच. बोट कशी चालवायची, जाकिटं कुठली घ्यायची, मासे कुठे मिळतात हे सांगणारे भरपूर भेटतात. संध्याकाळी दमूनभागून परत आल्यावर ती बोट ट्रेलरवर कशी चढवायची, हे मात्र कुणी नीट बसवून शिकवत नाही. सकाळी रॅम्पवरून, म्हणजे काठावरून पाण्यात उतरणाऱ्या काँक्रीटच्या उतारावरून, बोट पाण्यात सोडताना ट्रेलर दोन हात जास्त बुडला तरी बोट तरंगते आणि काम भागतं. संध्याकाळी चढवताना तसं भागत नाही. तिथे ट्रेलर नेमका किती बुडवला यावर जवळजवळ सगळं अवलंबून असतं. खोली बरोबर असेल तर दोन माणसं हातांनी, न ओरडता बोट चढवतात. खोली चुकली तर इंजिनाचा जोर, विंचचा (हँडल फिरवून पट्ट्याने बोट ओढणाऱ्या चकरीचा) जोर आणि माणसांचा जोर लावूनही बोट वाकडीच बसते.

उदाहरणासाठी इकडे सर्रास दिसणारा जोड धरतो: १७ फुटी ॲल्युमिनियमची फिशिंग बोट, मागे आउटबोर्ड इंजिन, बंक असलेला ट्रेलर आणि ओढायला एसयूव्ही. बंक म्हणजे ट्रेलरवरच्या कार्पेट लावलेल्या लांब लाकडी पट्ट्या, ज्यांच्यावर बोटीचा तळ टेकतो. रोलरवाल्या ट्रेलरचं थोडं वेगळं असतं, ते ओघात सांगतो.

रॅम्पवर जाण्याआधी, घरच्या ड्राइव्हवेवर

बोट ट्रेलरवर नीट बसलेली असताना तिच्याभोवती एकदा शांतपणे फेरी मारा. पुढे विंचच्या खांबावर रबराचा जो टेकू असतो, त्याला बोटीचं पुढचं टोक घट्ट टेकलेलं हवं. मागे बोटीची सपाट पाठ, जिच्यावर इंजिन लटकतं, ती बंकच्या टोकापर्यंत आलेली हवी. इंजिनाचं सगळं वजन त्या पाठीवर असतं. तिच्याखाली बंक नसेल तर रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला तळाला झटका बसतो. सेकंडहँड बोट दुसऱ्याच ट्रेलरवर घालून विकलेली असेल तर इथे फरक दिसतो. तसा दिसला तर विंचचा खांब पुढेमागे सरकवून घ्या. बहुतेक ट्रेलरवर तो यू आकाराच्या बोल्टांनी बसवलेला असतो.

ट्रेलरच्या मागच्या दोन टोकांना उभे गाइड पोस्ट नसतील तर पहिला खर्च त्यांच्यावर करा. पांढऱ्या पीव्हीसी पाइपचे साधे खांबही चालतात. ट्रेलर पाण्याखाली गेला की तो कुठे आहे हे दाखवणारी तेवढीच खूण उरते. मागे घेताना आरशात दिसतात तेही हेच खांब, आणि वाऱ्याने बोट सरकायला लागली तर तिला आडवे येतात तेही हेच.

गाडी मागे घ्यायचा सराव रॅम्पवर करू नका. शनिवारी सकाळी शाळेचं रिकामं पार्किंग गाठा. हात स्टिअरिंगच्या तळाशी, घड्याळात सहा वाजतात त्या जागी ठेवा. ट्रेलरचं शेपूट ज्या बाजूला जायला हवं, त्याच बाजूला हात न्या. एवढं एक धरलं की डावं-उजवं डोक्यात उलटं करत बसावं लागत नाही. हालचाल थोडी ठेवा आणि लगेच परत घ्या. छोटा ट्रेलर लांब ट्रेलरपेक्षा फार लवकर वळतो आणि बघता बघता गाडीशी काटकोन करतो. तसं व्हायला लागलं की मागे रेटत सुधारायला जाऊ नका. दहा-पंधरा फूट पुढे जा, सरळ करा आणि पुन्हा या. पुढे घेऊन सरळ करण्यात कमीपणा काही नाही. वर्षानुवर्षं बोटी ओढणारे लोकही तेच करतात.

डॉकवर येताना

रॅम्पच्या अलीकडेच वेग अगदी कमी करा. मागे लाट उठता कामा नये, कारण तिथे कुणीतरी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून आपली बोट सांभाळत असतं. रॉड, डबे, टॉवेल सगळं डॉकला, म्हणजे रॅम्पशेजारच्या धक्क्याला, लागण्याआधीच आवरून ठेवा. डॉक ज्या बाजूला येणार त्या बाजूला पुढे एक आणि मागे एक अशा दोन दोऱ्या बांधून तयार ठेवा आणि बोट डॉकला घासू नये म्हणून असलेले फुगीर फेंडर बाहेर सोडा. दोरी पुरेशी लांब हवी, १५ ते २० फूट. आखूड दोरीने माणूस डॉकच्या कडेवर वाकतो, आणि तोल तिथेच जातो.

मुलांना आणि पाहुण्यांना डॉकवर उतरवा, पण मुलांच्या अंगातली जाकिटं काढू नका. मिशिगनच्या कायद्याने सहा वर्षांखालच्या मुलांना उघड्या डेकवर लाइफ जॅकेट सक्तीचं आहे. माझ्या मते डॉकवर आणि रॅम्पवर सगळ्याच लहान मुलांच्या अंगात ते असावं. मोठ्यांचं लक्ष दोरीत आणि गाडीत असण्याची हीच वेळ असते. एका मोठ्या माणसाकडे फक्त मुलं द्या आणि त्यांना पार्किंगच्या बाजूच्या गवतावर न्यायला सांगा. बोट चढेपर्यंत त्या माणसाला दुसरं काम सांगू नका.

मग गाडी आणायला कुणी जायचं ते ठरवा. ज्याला ट्रेलर मागे घेता येतो तो गाडीत, दुसरा बोटीपाशी. दोघांनाही दोन्ही कामं येत असतील तर फारच छान. नवरा गाडीत आणि बायको दोरी धरून उभी, हे इतक्या ठिकाणी ठरून गेलेलं दिसतं की बायको कधी गाडी मागे घेऊनच बघत नाही. आमच्या ओळखीत ट्रेलर सगळ्यात सरळ मागे घेते ती एक काकू आहे. घरात ज्याचा हात बसला असेल त्याने गाडी घ्यावी.

रांगेत असतानाच तयारी

रॅम्पच्या उतारावर फक्त दोनच गोष्टी करायच्या: ट्रेलर पाण्यात घालायचा आणि बोटीसकट बाहेर काढायचा. बाकी सगळी तयारी मागे, रांगेत किंवा पार्किंगमध्ये उरकून घ्या. बोटीची मागची बाजू ट्रेलरला बांधायचे पट्टे सकाळपासून ट्रेलरला लोंबकळत असतील तर गोळा करा, नाहीतर ते बोटीखाली अडकतात. विंचचा पट्टा पाच-सहा फूट बाहेर काढून खांबावर टाकून ठेवा. काढताना त्याच्या कडांवरून हाताचं बोट फिरवा. कडेचे धागे उसवलेले असतील किंवा हुकाजवळची शिवण सुटली असेल, तर पट्टा बदलायची वेळ झाली. नवा पट्टा स्वस्त असतो. हिचच्या (गाडीमागच्या जोडणीच्या) बॉलवर कपलरची, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाच्या पकडीची, खिट्टी पूर्ण बसली आहे आणि पिन जागेवर आहे हे हाताने हलवून बघा.

ट्रेलरच्या दिव्यांची वायर काढायची की नाही यावर मतं दोन आहेत. जुने काचेचे बल्ब असतील तर काढा. ब्रेक दाबून दाबून तापलेला बल्ब थंड पाण्यात गेला की तडकतो. सीलबंद एलईडी असतील तर काढायची गरज नाही. मात्र ट्रेलरला स्वतःचे सर्ज डिस्क ब्रेक, म्हणजे ट्रेलर गाडीवर रेटला गेला की आपोआप लागणारे ब्रेक, असतील तर सावध राहा. त्यांच्यातल्या बऱ्याच जातींत रिव्हर्सच्या दिव्याचा करंट मिळाला तरच मागे जाताना ब्रेक सुटतात. वायर आधीच काढून ठेवली तर मागे घेताना ट्रेलर अडून बसतो आणि माणूस ॲक्सिलरेटर दाबत राहतो.

सीटबेल्ट काढा आणि खिडक्या खाली घ्या. गाडी पाण्यात घसरलीच तर बाहेर पडता आलं पाहिजे. शिवाय उघड्या खिडकीतून साथीदाराचा आवाज ऐकू येतो. खुणा आधी ठरवून घ्या. "येऊ दे, येऊ दे, बस" एवढे तीन शब्द पुरतात. "डावीकडे" म्हटलं तर ट्रेलरचं शेपूट डावीकडे, स्टिअरिंग नव्हे, हे आधीच बोलून घ्या. अर्धी भांडणं त्याच गोंधळातून होतात. रात्र असेल तर हेडलाइट बंद करून पार्किंगचे दिवे ठेवा. तुमचा झोत समोर डॉककडे येणाऱ्या बोटवाल्याच्या डोळ्यांत जात असतो.

ट्रेलर किती बुडवायचा

आता मुख्य गोष्ट. सार्वजनिक रॅम्पचा उतार साधारणपणे १२ ते १५ टक्के असतो, म्हणजे शंभर फुटांत बारा ते पंधरा फूट खाली. ट्रेलर त्या उतारावर तिरका उभा राहतो, शेपटाकडे खोल आणि विंचकडे उथळ. बोट मात्र पाण्यावर आडवी, सपाट तरंगते. सपाट तरंगणारी बोट तिरक्या बंकवर यायची असते. त्यामुळे तिचं पुढचं टोक आधी बंकला टेकतं आणि मागची बाजू तरंगतच राहते. ट्रेलर पुढे ओढला की मागची बाजू खाली येऊन बंकवर बसते. हे एकदा डोळ्यांसमोर आलं की बाकीचं आपोआप कळतं.

ट्रेलर जास्त बुडला तर बोट बंकच्या वरून नुसती तरंगते. विंचने टोक ओढून घेता येतं, पण मागची बाजू मोकळी असते. वारा तिला बाजूला नेतो. वर ओढल्यावर ती एका बंकवर जास्त आणि दुसऱ्यावर कमी, किंवा सरळ ट्रेलरच्या चाकाच्या फेंडरवर (मडगार्डवर) बसते. शिवाय टोक रबराच्या टेकूच्या वर चढतं आणि पाणी ओसरल्यावर धाडकन खाली येतं.

कमी बुडला तर टोक बंकच्या सुरुवातीलाच अडतं आणि उरलेली बोट विंचने सुक्या कार्पेटवरून खेचावी लागते. पट्टा तारेसारखा ताणला जातो, हँडल जड होतं. बरेच जण इथेच इंजिनाचा जोर लावतात.

१७ फुटी बोटीसाठी माझी पद्धत अशी. आधी ट्रेलर पूर्ण आत घ्या, बंक पार बुडू द्या. ही पायरी सोडू नका, कारण ओल्या कार्पेटवर बोट सरकते आणि कोरड्यावर चिकटते. मग हळूहळू पुढे घ्या. चाकांवरच्या फेंडरचा माथा पाण्याच्या पातळीला लागला, किंवा हाताच्या बोटाएवढा वर दिसायला लागला, की थांबा. या वेळी बंकचा मागचा दोन-तृतीयांश भाग पाण्याखाली आणि पुढचा एक-तृतीयांश बाहेर असतो. इथून बोट तरंगत येते, पुढच्या भागावर टेकून आपोआप मधोमध होते आणि शेवटचे दोनेक फूट तेवढे विंचने ओढायचे उरतात.

उतारानुसार यात फरक करावा लागतो. रॅम्प जास्त खडा असेल तर ट्रेलरचं शेपूट आधीच खूप खोल जातं, म्हणून नेहमीपेक्षा थोडा कमी बुडवा. रॅम्प सपाटीला असेल तर जास्त आत जावं लागतं, कधी गाडीची मागची चाकंही ओली होतात. म्हणून गाडीची चाकं पाण्यापासून किती दूर आहेत ते बघून खोली ठरवू नका. ते प्रत्येक रॅम्पवर वेगळं असतं. फेंडर बघा. एकदा बोट मनासारखी बसली की त्या वेळी पाणी गाइड पोस्टवर कुठे होतं तिथे रंगीत टेप गुंडाळा. पुढच्या वेळी साथीदाराने टेप बघून "बस" म्हटलं की झालं. दुसऱ्या उताराच्या रॅम्पवर टेपपासून चार इंच इकडेतिकडे, इतकंच.

रोलरचा ट्रेलर याहून कमी बुडवला तरी चालतो, कारण बोट रोलरवरून सहज फिरत वर येते. पण जितक्या सहज चढते तितक्याच सहज उतरते. म्हणून रोलरवर बोट असेल तर विंचचा पट्टा आणि साखळी दोन्ही लागल्याशिवाय ट्रेलर जागचा हलवू नका.

खोली जमली की आधी हँडब्रेक ओढा, मग गिअर पार्कमध्ये टाका. क्रम असाच ठेवा. उलट केलं तर गाडी, ट्रेलर आणि बोट यांचं सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिट्टीवर लटकतं. उतार खडा असेल तर गाडीच्या मागच्या चाकांमागे ठोकळे लावा. ठोकळ्याला दोरी बांधलेली असली की निघताना सापडतो.

बोट ट्रेलरवर आणणं

नवख्यांनी दोरीने आणावी, असं माझं ठाम मत आहे. ट्रेलर डॉकला लागून असलेल्या बाजूने घातला असेल तर एकाने पुढची आणि मागची अशा दोन्ही दोऱ्या हातात धरून डॉकवरून चालत बोट पुढे न्यायची. दुसऱ्याने विंचपाशी उभं राहायचं. पुढच्या दोरीने ओढायचं, मागच्या दोरीने शेपूट आवरायचं. ना आवाज, ना धूर, ना घाई. रॅम्पच्या ओल्या काँक्रीटवर हिरवट शेवाळ असतं आणि ते बर्फासारखं निसरडं असतं. रबरी तळव्याचे, मागे पट्टा असलेले बूट घाला. स्लिपर घालून विंचपाशी जाऊ नका.

हात बसल्यावर इंजिनावर चालवत आणायला हरकत नाही, पण अगदी संथ. गिअर क्षणभर लावायचा, पुन्हा न्यूट्रल, पुन्हा क्षणभर. नजर विंचच्या खांबावर. इंजिन थोडं वर उचललेलं हवं, म्हणजे त्याचा खालचा पंख काँक्रीटला लागणार नाही. वारा बाजूने असेल तर नेम खांबावर न धरता वारा जिकडून येतो त्या बाजूला दोन-तीन फूट सरकवून धरा. गाइड पोस्टपर्यंत येईतो वारा बोटीला मधोमध आणून ठेवतो. वाऱ्यात फार हळू गेलं तर बोट सुकाणूचं ऐकत नाही, म्हणून चालण्याच्या वेगाइतका वेग राखा. बोट वाकडी येतेय असं वाटलं की तिथल्या तिथे सुधारत बसू नका. सरळ मागे घ्या, मोठा वळसा मारा आणि पुन्हा या.

इंजिनाचा जोर लावून बोट बंकवर रेटत नेण्याला इकडे पॉवर लोडिंग म्हणतात. बऱ्याच रॅम्पवर तसं न करण्याची पाटी असते आणि त्यामागे कारण आहे. पंख्याचा झोत रॅम्पच्या काँक्रीटच्या कडेपलीकडची वाळू आणि खडी उपसतो. कडेखाली खड्डा पडतो आणि उपसलेला माल थोडा पलीकडे साचून उंचवटा होतो. पुढच्या माणसाच्या ट्रेलरचं चाक त्या कडेवरून खड्ड्यात उतरतं आणि अडकतं, आणि पाणी कमी असलं की बोटी उंचवट्यावर घासतात. तुमची दोन मिनिटं वाचतात आणि नुकसान त्या रॅम्पवर येणाऱ्या प्रत्येकाचं होतं. ट्रेलरची खोली बरोबर असेल तर पॉवर लोडिंगची गरजच पडत नाही.

लेक सेंट क्लेअरवर जाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. हे तळं अफाट पसरलेलं पण उथळ आहे, सरासरी खोली साधारण ११ फूट, त्यामुळे वाऱ्यावर आखूड आणि खडी लाट पटकन उठते. मिशिगनची बाजू पश्चिमेला असल्यामुळे पूर्वेचा वारा असला की लाट सरळ रॅम्पच्या तोंडाशी येते. अशा वेळी बोट बंकवर उचलून आपटते. ट्रेलर नेहमीपेक्षा थोडा जास्त आत ठेवा, लाटांमधली शांत वेळ बघून बोट आणा, आणि हुक लागला की विंच भराभर फिरवा. हार्ले एन्साइनसारख्या मोठ्या रॅम्पवर सुट्टीच्या दिवशी गर्दीही असते, म्हणून पहिला सराव तिथे नको. केनसिंग्टन मेट्रोपार्कमधलं केंट लेक त्यासाठी उत्तम. तिथे वेगमर्यादाच ताशी १० मैल आहे, त्यामुळे पाणी शांत असतं. आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी जा आणि दोन-तीनदा उतरवून-चढवून बघा. सरकारी रॅम्पना लागणारा रिक्रिएशन पासपोर्ट मेट्रोपार्कला चालत नाही, त्यांचा पास वेगळा घ्यावा लागतो.

विंच

हुक बोटीच्या टोकाखालच्या कडीत अडकवा. विंचची खिट्टी ओढण्याच्या बाजूला आहे याची खात्री करा. हँडल फिरवताना प्रत्येक दाताला "कट् कट्" असा आवाज आला पाहिजे. आवाज येत नसेल तर खिट्टी बसलेली नाही, आणि हात सुटला तर हँडल उलटं गरगरा फिरून मनगट मोडू शकतं. पट्ट्याच्या रेषेत तोंड आणू नका, बाजूला उभं राहून फिरवा.

टोक रबराच्या टेकूला घट्ट लागेपर्यंत ओढा. पट्टा शेवटच्या टप्प्यात अचानक फार जड झाला तर ताकद लावत राहू नका. ट्रेलर थोडा कमी बुडला आहे असाच त्याचा अर्थ असतो. गाडीतल्या माणसाला फूटभर मागे यायला सांगा. टेकल्यावर विंचच्या खांबाची साखळी कडीत वेगळी अडकवा. पट्टा आणि साखळी ही दोन वेगळी कामं आहेत. पट्टा बोट ओढतो. पट्टा तुटला किंवा खिट्टी सुटली तर बोट काँक्रीटवर जाण्यापासून वाचवते ती साखळी.

आता मागे बघा. दोन्ही गाइड पोस्टपासून बोटीचं अंतर सारखं हवं. एका बाजूला सरकलेली असेल तर आत्ताच सुधारा, कारण अजून ती तरंगते आहे आणि एका हाताने ढकलली जाते. पाण्याबाहेर आल्यावर तिला इंचभरही हलवता येणार नाही.

वर ओढणं

इंजिन बंद करा आणि पूर्ण वर उचला. बोटीत कुणी बसू नये, रॅम्पवर ट्रेलरच्या मागे कुणी उभं राहू नये. ही गोष्ट कितीही घाई असली तरी सोडायची नाही.

गाडी खालच्या गिअरमध्ये टाका, फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर लावा, आणि ॲक्सिलरेटर एकसारखा, हलका दाबा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचं इथे अवघड होतं. उतारावर वजन मागे जातं आणि नेमकी ओढणारी चाकं हलकी पडतात. चाक फिरायला लागलं की पाय काढा. जोराने दाबत राहिलं तर रबर शेवाळावर घासतं आणि पकड आणखी जाते.

बोट पाण्यातून निम्मी बाहेर आली, मागची बाजू बंकवर बसली, की एकदा थांबा. हँडब्रेक, पार्क, आणि साथीदाराने बाजूने नजर टाकायची. बऱ्याचदा या वेळी टोक आणि रबर यांच्यात दोन-तीन बोटांची फट पडलेली असते, विशेषतः खड्या रॅम्पवर. तशीच घेऊन रस्त्यावर निघू नका. बोट मागे सरकलेली असली की ट्रेलरच्या जिभेवर, म्हणजे हिचला जोडणाऱ्या पुढच्या दांड्यावर, येणारं वजन घटतं, आणि जीभ हलकी असलेला ट्रेलर फ्रीवेवर शेपूट हलवायला लागतो. एकूण वजनाच्या साधारण १० टक्के भार हिचवर असणं चांगलं. फट असेल तर एक-दोन फूट मागे पाण्यात जा, विंचचे दोन-चार दात फिरवा आणि पुन्हा वर या. याला अर्धं मिनिट लागतं.

रॅम्प सोडल्यावरचं काम

उतार संपला की थांबू नका. थेट बाजूच्या जागेत जा, जिथे पट्टे बांधायला जागा ठेवलेली असते, आणि मागच्या माणसाला रॅम्प मोकळा करून द्या.

पहिलं काम: बोटीच्या मागच्या तळातलं बूच काढा. पाणी वाहायला लागतं. धार जास्त वेळ चालली तर दिवसभर बोटीत पाणी कुठून येत होतं ते शोधायला हवं. लाइव्हवेलचं, म्हणजे मासे जिवंत ठेवायच्या पाण्याच्या टाकीचं, बूचही काढा. मिशिगनमध्ये २१ मार्च २०१९ पासून हा कायदाच आहे: बोट रस्त्यावर नेण्याआधी सगळी बुचं काढून पाणी काढायचं, बोटीवर आणि ट्रेलरवर अडकलेल्या पाणवनस्पती काढायच्या, आणि उरलेलं आमिष पाण्यात नव्हे तर कचऱ्यात टाकायचं. कारण गंभीर आहे. झेब्रा मसल ही नखाएवढी पट्टेरी शिंपली अमेरिकेच्या या भागात पहिल्यांदा १९८८ साली लेक सेंट क्लेअरमध्येच सापडली. तिथून ती तळ्यातळ्यांत पोचली, आणि पोचवणाऱ्यांत आपल्यासारख्यांचे ट्रेलरही आहेत. तिची पिल्लं इतकी बारीक असतात की लाइव्हवेलच्या तांब्याभर पाण्यात दिसतसुद्धा नाहीत. म्हणून ट्रेलरच्या आसाभोवती, बंकच्या खाचांत, इंजिनाच्या पंख्यापाशी हात घालून हिरवे धागे ओढून काढा. दुसऱ्या तळ्यात जाण्याआधी बोट किमान पाच दिवस पूर्ण कोरडी होऊ द्या. तेवढा वेळ नसेल तर १४० अंश फॅरेनहाइटच्या गरम पाण्याने धुवा.

आउटबोर्ड एकदा सरळ उभं करून त्यातलं पाणी गळू द्या. ऑक्टोबरनंतर हे विसरून चालत नाही, कारण आत राहिलेलं पाणी गोठून इंजिनाचं घर फोडतं. मग पुन्हा वर उचलून ट्रेलर आणि इंजिन यांच्यामधला टेकूचा दांडा लावा, म्हणजे खड्ड्यांचे झटके बोटीच्या पाठीला एकटीला सोसावे लागत नाहीत.

मागचे दोन पट्टे बांधा. विंचचा पट्टा आणि साखळी पुढचं टोक धरतात, मागची बाजू धरून ठेवणारे फक्त हे पट्टे असतात. पट्ट्याला एक पीळ दिला तर वाऱ्यात फडफडून घरघर करत नाही. हिचच्या दोन साखळ्या जिभेखालून एकमेकींना छेद देऊन लावा, जीभ सुटली तरी त्या फुलीवर टेकते. दिव्यांची वायर जोडा आणि साथीदाराला मागे उभं करून डावा, उजवा, ब्रेक असे तिन्ही दिवे बघून घ्या. बिमिनी, म्हणजे बोटीवरचं कापडी छत, दुमडून बांधा. उभ्या छतात फ्रीवेवर वारा भरला की नळ्या वाकतात. कुशन, टोप्या, रिकाम्या बाटल्या बोटीत सुट्या राहू देऊ नका.

काढलेलं बूच कुठे ठेवायचं याची एकच जागा घरात ठरवा आणि तीच कायम ठेवा. बोटीच्या किल्लीच्या कडीत अडकवलं तर सगळ्यात बरं, कारण पुढच्या वेळी किल्ली घेतल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही आणि बूच हातात आल्याशिवाय किल्ली घेता येत नाही.

पाच-सात मैलांवर एखाद्या पेट्रोल पंपावर थांबा. पट्टे पहिल्या काही मैलांत जागा धरतात आणि सैल पडतात, ते पुन्हा ताणा. उलट्या हाताने दोन्ही चाकांच्या मधल्या हबला स्पर्श करा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल इतका गरम असेल, किंवा एक दुसऱ्यापेक्षा बराच गरम असेल, तर बेअरिंगमध्ये पाणी गेलंय किंवा ग्रीस संपलंय. तसंच पुढे रेटू नका. ट्रेलर तिथेच उभा करून मदत बोलवा, आणि घरी पोचल्यावर दोन्ही बाजूंची बेअरिंग उघडून, पुसून, नवं ग्रीस भरून घ्या.